राष्ट्रीय संकल्प आणि वीतभर रबरी नळी

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा संकल्प २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने सोडला, तेव्हा त्याच्या पूर्तीसाठी २०३० सालापर्यंतची मुदत ठेवण्यात आली होती. पुढे ही मुदत पाच वर्षांनी अलीकडे आणली गेली आणि २०२५ मध्ये ते प्रमाण प्रत्यक्ष गाठलेही गेले. सरकारी योजना मुदतीपूर्वी पार पडल्याचे पाहण्याची सवय नसलेल्या या देशात ही गोष्ट निःसंशय उल्लेखनीय होय. तथापि या यशाची आकडेवारी सांगणाऱ्या खुलाशातच केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एक कबुली देऊन ठेवली आहे. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. हा बदल अल्पखर्चाचा असून नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी सहज होण्यासारखा आहे, असा त्या कबुलीचा आशय आहे.

मंत्रालयाच्या दृष्टीने हा विषय एवढ्यावर संपतो. पंचवटीत राहून रोज होळकर पूल ओलांडणारा कारकून, पेठ वा दिंडोरी तालुक्यातील शाळेवर मोटरसायकलने जाणारा शिक्षक आणि थोरल्या भावाची जुनी गाडी वापरणारा महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या दृष्टीने मात्र तो येथूनच सुरू होतो. बदलायचे भाग कोणते? ते कोणी बदलायचे? बदलून घातलेली नळी नव्या इंधनास टिकणारी आहे, याची खात्री कोणी द्यायची? आणि खर्च कोणी सोसायचा? या चार प्रश्नांची उत्तरे त्या खुलाशात नाहीत. राष्ट्राच्या इंधनधोरणाचे शेवटचे टोक म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी वीतभर रबरी नळी आणि तिचे दोन जोड. या टोकाची जबाबदारी कोणाची, हे ठरविल्यावाचून धोरण पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

मनमाडपासूनची वाटचाल

नाशिक जिल्ह्याला हे मिश्रण नवे नाही. पाच टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली ज्या तीन ठिकाणी सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही दोन होती. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेली. मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत आणि उसाचा पट्टाही तेथून फार लांब नाही. जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम जाहीर झाला. पण पुढली दहा-अकरा वर्षे तो रेंगाळतच राहिला. २०१३-१४ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे सरासरी प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. त्यानंतर मात्र गाडी वेगाने धावू लागली. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अकरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील ८४ पंपांवर वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि अवघ्या अडीच वर्षांत ते देशाचे सर्वसाधारण पेट्रोल बनले.

पहिल्या दहा टक्क्यांना एकवीस वर्षे लागली, दुसरे दहा टक्के तीन वर्षांत पुरे झाले. या दोन आकड्यांतच प्रस्तुत प्रश्नाचे मूळ आहे. मोटरसायकल ही मध्यमवर्गीय कुटुंबात तीन वर्षांसाठी घेतली जात नाही. ती बारा-पंधरा वर्षे वापरली जाते, मग धाकट्याकडे वा गावाकडे जाते. पंधरा वर्षे भरली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती पंचवटीतील पेठ रस्त्यावरच्या परिवहन कार्यालयात उभी राहते आणि पुढेही चालत राहते. २०१२ साली खरेदी केलेल्या गाडीची नळी ज्या पेट्रोलसाठी बनली, त्यात इथेनॉल नावालाच होते. त्या नळीच्या हयातीतच इंधन बदलले. नवीन नियमांनुसार वीस टक्के मिश्रणास टिकणारे भाग बसविण्याचे बंधन उत्पादकांवर एप्रिल २०२३ पासून आले. देशातील वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य त्या तारखेपूर्वीच्या आहेत. म्हणजे ज्याला मंत्रालय ‘काही जुनी वाहने’ म्हणते, त्या वर्गात सामान्य माणसाची बहुतेक वाहने मोडण्याचा संभव आहे.

नळीत काय घडते?

पेट्रोलच्या नळ्यांसाठी पूर्वीपासून मुख्यतः नायट्राइल रबर वापरले जाते. पेट्रोलला ते चांगले टिकते. इथेनॉलचा गुणधर्म पेट्रोलहून वेगळा असतो. दोहोंचे मिश्रण काही रबरांना निव्वळ पेट्रोलपेक्षा, किंबहुना निव्वळ इथेनॉलपेक्षाही अधिक फुगविते. रबर लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेली मऊ द्रव्येही हे मिश्रण हळूहळू ओढून घेते. नळी भिजलेली असेपर्यंत फुगलेली व मऊ राहते. गाडी काही आठवडे उभी राहिली व नळी कोरडी पडली, की तीच आकसते, कडक होते आणि क्लिपच्या तोंडाशी बारीक भेगा धरते. सुट्टीत विद्यार्थ्याची गाडी महिना-दीड महिना उभी असते आणि परत सुरू करताना कॉकखाली ओल दिसते, त्यामागे असे कारण असू शकते. याखेरीज इथेनॉल हवेतील दमट अंश शोषून घेते. पावसाळ्यात न वापरलेल्या, अर्ध्या रिकाम्या लोखंडी टाकीत गंज धरण्यास त्याने हातभार लागतो आणि वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. नव्या गाड्यांत टाकीतला विजेचा पंप सुमारे तीन बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे पाठवितो. या गाड्यांत नळी टाकीला व इंजेक्टरला प्लास्टिकच्या खटक्याच्या जोडांनी बसविलेली असते. जुन्या गाडीत पेट्रोल केवळ उतारामुळे खाली येते. तेथे गळती झाली तर थेंब पडतात. दाबाच्या नळीला भेग गेली वा खटका तुटला, तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या इंजिनावर उडू शकतो. २०२० ते २०२३ या तीन वर्षांतील गाड्या या दृष्टीने मधल्या अवस्थेत सापडल्या आहेत. त्यांचे इंजेक्शन नवे आहे, पण वीस टक्क्यांस टिकणाऱ्या भागांचे बंधन त्यांना नव्हते.

हा धोका वाढवून सांगण्याचे कारण नाही. वीस टक्के मिश्रणाने इंजिने निकामी होतात, विमा रद्द होतो, अशा अफवा २०२५ च्या उन्हाळ्यानंतर भरपूर पिकल्या. मंत्रालयाने त्यांचे खंडन केले ते योग्यच झाले. धातूच्या भागांना या मिश्रणाने विशेष बाधा होत नाही, असे चाचण्यांनी दाखविले आहे. पण अफवा खोटी ठरली म्हणून तिच्या आडून खरी उणीवही झाकून जावी, हे बरे नव्हे. घाबरविणे जसे गैर, तसेच ‘सहज होईल’ म्हणून हात झटकणेही गैर.

ठाऊक असूनही न सांगितलेले

मुख्य आक्षेप येथे आहे. ही उणीव २०२५ साली अचानक उघडकीस आलेली नाही. नीति आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये २०२० ते २०२५ या काळासाठी इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात पुण्याची एआरएआय, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइल यांनी २०१४-१५ मध्ये केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष दिलेला आहे. धातूंना व त्यांवरील लेपांना वीस टक्के मिश्रणाचा त्रास झाला नाही; रबरी भागांची कामगिरी निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत उणी ठरली; आणि पीए-६६ या जातीच्या नायलॉनची ताणशक्ती घटली, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. रबर म्हणजे नळ्या व गॅस्केट. नायलॉनचा उपयोग तर इंधनमार्गाच्या जोडांसाठीही होतो. म्हणजे कोणत्या प्रकारच्या भागांकडे लक्ष ठेवले पाहिजे, हे धोरणकर्त्यांच्या टेबलावर दहा वर्षे पडून होते.

त्याच आराखड्यात इंधनाच्या खर्चाचाही हिशेब होता. साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या दुचाकीत वीस टक्के मिश्रणाने तीन ते चार टक्के, तर तशाच चारचाकीत सहा ते सात टक्के अधिक इंधन लागेल, असा समितीचा अंदाज होता. रोज चाळीस किलोमीटर याप्रमाणे वर्षातून तीनशे दिवस गाडी चालविणाऱ्यास बारा हजार किलोमीटर पडतात. लिटरला पन्नास किलोमीटर धरले, तर वर्षाला २४० लिटर पेट्रोल लागते. त्यावर तीन-चार टक्के म्हणजे सात ते दहा लिटर जादा. महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली ती २०२१ साली. त्या दराने हा बोजा वर्षाला सातशे ते हजार रुपयांचा होतो. नळ्या व जोड बदलण्याचा खर्च यावेगळा.

जुन्या वाहनांच्या सोयीसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२५ पर्यंत अखंड उपलब्ध ठेवावे, हीही त्याच समितीची शिफारस होती. पण वाटचाल ठरल्याहून वेगाने झाली आणि पंपावरची निवड त्या वेगात नाहीशी झाली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय राहावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, याचा अर्थ धोरणात सुधारणेस जागा नाही असा होत नाही. प्रमाण लिहिण्याची मागणी मान्य करण्यास न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही. तिला एक फलक आणि थोडी शाई पुरते.

फायदा कोणाचा, भार कोणावर?

इथेनॉलच्या धोरणामागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. खनिज तेलाच्या आयातीवर देशाचा अवाढव्य पैसा जातो. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या मिश्रणामुळे एक लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचल्याचे सरकारने सांगितले आहे. साखरेच्या पडत्या भावात अडकलेल्या महाराष्ट्रातील कारखान्यांना इथेनॉलने दुसरे उत्पन्न दिले आणि उसाची बिले चुकती होण्यास मदत केली. येवला, मालेगाव, नांदगाव या भागांतील मका उत्पादकालाही नवा ग्राहक मिळाला. उसाने किती पाणी प्यावे आणि अन्नधान्य टाकीत जावे की ताटात, हे वाद गंभीर आहेत. पण त्यांची चर्चा स्वतंत्रपणे चालू आहे.

येथे पाहण्याची गोष्ट निराळी आहे. या धोरणात प्रत्येक घटकासाठी वेळोवेळी फेरफार झाला. कारखान्यांना परवडावे म्हणून सी-प्रतीच्या मळीपासून केलेल्या इथेनॉलचा खरेदीदर २०२१-२२ मधील लिटरला ४६ रुपये ६६ पैशांवरून २०२४-२५ मध्ये ५७ रुपये ९७ पैसे करण्यात आला. साखर महागू नये म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले गेले आणि स्थिती निवळताच ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविलेही गेले. साखर खाणाऱ्याचा, साखर करणाऱ्याचा, ऊस पिकविणाऱ्याचा विचार झाला, तो व्हावयासच हवा होता. विचार झाला नाही तो फक्त पंपावर पैसे मोजणाऱ्या दुचाकीस्वाराचा. इथेनॉल स्वस्त पडते, तेव्हा पेट्रोलही स्वस्त होईल, अशी त्याची भाबडी समजूत होती. जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी खरेदीखर्च वाहतूक व करासह लिटरला ७१ रुपये ३२ पैसे झाल्याचे सरकारनेच जाहीर केल्यावर तीही मावळली. जादा इंधन त्याचे, नळी त्याची, गॅरेजची मजुरीही त्याचीच. दरडोई ही रक्कम लहान आहे हे खरे; पण ती लहान आहे, म्हणूनच तिची तरतूद करणे अवघड नव्हते.

इतर देशांनी हे कसे हाताळले, ते उद्बोधक आहे. ब्राझीलने १९७५ साली अल्कोहोलचा कार्यक्रम हाती घेतला, २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी बाजारात आणल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीस टक्क्यांचे प्रमाण लागू केले. पन्नास वर्षांच्या या वाटचालीत तेथील वाहन व इंधन हातात हात घालून पुढे सरकले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल उंची प्रतीत राखून ठेवले आणि कोणत्या वाहनास कोणते चालते, हे नागरिकाला तपासून पाहण्याची सोय सरकारने केली. अमेरिकेत पंधरा टक्क्यांचे मिश्रण मोटरसायकलीत भरण्यास मनाईच आहे आणि पंपावर तशी पट्टी लावणे बंधनकारक आहे.

परदेशाचे दाखले नको असतील, तर घरचा दाखला आहे. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या वाहनांचे पेट्रोल एका रात्रीत बंद झाले नाही. पाच वर्षे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले गेले, पंपावर तसे लिहिलेले असे आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच उरले. अशा स्थित्यंतराची पद्धत या देशाला ठाऊक होती.

स्वयंपाकघरातील धडा

नळीच्या बाबतीत तर त्याहूनही जवळचा धडा प्रत्येक घरात आहे. स्वयंपाकाच्या गॅसची नळी कशी असावी, हे तेल कंपन्यांनी ठरवून दिले आहे. आत तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी वितरकाकडे मिळते, तिच्यावर मानकाची खूण व तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलावी, हे गृहिणीला तोंडपाठ असते. गॅस तोच, शेगडी तीच. पण बदलण्याची मुदत, वस्तूची प्रत आणि ती मिळण्याचे ठिकाण ही तिन्ही निश्चित असल्यामुळे त्या नळीबद्दल संभ्रम उरला नाही. ज्या कंपन्या घरात गॅस पोचवितात, त्याच कंपन्या पंपावर पेट्रोल विकतात. स्वयंपाकघरातील नळीला लावलेला नियम मोटरसायकलच्या नळीला का लावता येऊ नये?

आजची रीत याच्या नेमकी उलट आहे. गॅरेजमध्ये नळी मीटरच्या भावाने कापून मिळते. ती कोणत्या रबराची, कधी बनलेली, कोणत्या इंधनासाठी, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते. वस्तुतः यासाठी आंतरराष्ट्रीय खुणा आहेत. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार ‘३० आर ७’ ही खूण कमी दाबाच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या नळीवर असते, तर ‘३० आर ९’ ही आतून फ्लोरिनयुक्त रबराचा थर असलेल्या, इंजेक्शनच्या दाबास टिकणाऱ्या नळीवर. कार्बोरेटरची नळी इंजेक्शनच्या गाडीला बसविणे ही काटकसर नसून धोका आहे. पण ही गोष्ट मराठीत कोणत्या पंपावर वा कोणत्या कार्यालयात लिहून ठेवलेली आढळते?

कामातही तारतम्य लागते. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन थंड झाल्यावर, कॉक बंद करून, उघड्या जागी व ठिणगीपासून दूर नळी काढावी. आतल्या छिद्राचे माप जुन्या नळीइतकेच असावे. लांबी अशी ठेवावी, की नळी मुडपू नये आणि इंजिनाला टेकू नये. क्लिप जुन्या वापरू नयेत आणि कॉक उघडून काही मिनिटे जोड कोरडे राहतात की नाही, हे पाहावे. इंजेक्शनच्या गाडीत आधी नळीतील दाब उतरविणे अवश्य असते. खटक्याचा जोड पकडीने ओढला तर तुटतो. तो दाबून सोडवावा लागतो आणि बसविताना ‘खट्’ आवाज ऐकूनच हात काढावा लागतो. हे शिकविल्यावाचून येत नाही. रस्त्याकडेच्या मिस्त्रीचे कौशल्य वादातीत असले, तरी त्याने हात बसविला तो कार्बोरेटरवर. त्याला नवे ज्ञान देण्याची व्यवस्था केल्याशिवाय ‘सहज होण्यासारखे काम’ हे शब्द पोकळ ठरतात.

सदोष वाहने परत बोलावण्याचा कायदाही येथे कामाचा नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ती तरतूद केली आणि एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. पण ती सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आणि उत्पादनातील दोषापुरती आहे. येथे वाहन सदोष नाही. ज्या इंधनासाठी ते बनले, ते इंधनच बदलले आहे. उत्पादक म्हणतो, गाडी त्या काळच्या नियमांनुसार होती. तेल कंपनी म्हणते, पेट्रोल आजच्या मानकांनुसार आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि या दोन सत्यांच्या मध्ये ग्राहक एकटा उभा आहे.

नाशिकने काय करावे?

या प्रश्नाला पंचवटीत आणखी एक निकड आहे. वर दिलेल्या हिशेबाने वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी मंत्रालयाने सांगितलेला वीस ते तीस हजारांचा पल्ला पावणेदोन ते अडीच वर्षांत ओलांडते. २०२५ पासून वीस टक्के मिश्रण पिणाऱ्या गाड्या २०२७ मध्ये त्या टप्प्यात येतात आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या आहेत. रामकुंडाकडे येणारे रस्ते त्या दिवसांत माणसांनी फुलून जातात. दुचाकी हजारांच्या संख्येने खेटून उभ्या केल्या जातात आणि गर्दीत तापलेल्या इंजिनांनी कूर्मगतीने सरकतात. अशा ठिकाणी एका गाडीची गळती ही एका गाडीपुरती राहत नाही. बंदोबस्ताच्या आराखड्यात अग्निशमन बंबांची संख्या असते. बंब लागू नये म्हणून करावयाच्या साध्या तपासणीचाही त्यात समावेश असावा. नाहीतर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण गोदाकाठीच खरी व्हावयाची.

करावयाच्या गोष्टी डोंगराएवढ्या नाहीत. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. कोणत्या वर्षाच्या कोणत्या गाडीत कोणते भाग कधी बदलावेत, याची यादी उत्पादकांनी जाहीर करावी आणि परिवहन कार्यालयाने ती पेठ रस्त्यावरच्या आपल्या आवारात लावावी. गॅसच्या नळीप्रमाणे पेट्रोलच्या नळीवरही मानकाची खूण व उत्पादनाचे वर्ष अनिवार्य करावे आणि बिनखुणेची नळी विकण्यास बंदी घालावी. प्रदूषण तपासणीसाठी प्रत्येक दुचाकी ठरावीक मुदतीने केंद्रावर येतेच. धूर मोजताना नळी व जोड पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणात ही तपासणी सक्तीची असावी. खर्चाचा भार तेल कंपन्यांनी व उत्पादकांनी वाटून घ्यावा; वाचलेल्या लाखभर कोटींच्या परकीय चलनापुढे एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांना एकदा नळीसंच सवलतीत देणे हा फार मोठा खर्च नव्हे.

मिस्त्रींच्या प्रशिक्षणासाठी तर नाशिकला बाहेर पाहण्याचेही कारण नाही. सातपूरला शासकीय आयटीआय आहे. पूर्वी ‘मायको’ म्हणून ओळखला जाणारा बॉशचा कारखाना याच सातपुरात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर बनवीत आला. इंधन दाबाने व काटेकोरपणे इंजिनात सोडण्याची विद्या ज्या शहराच्या कामगारांना दोन पिढ्या अवगत आहे, त्या शहरात निमाणी वा पेठ नाक्यावरच्या मिस्त्रीला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळू नये, ही गोष्ट साधनांच्या अभावाची नसून इच्छेच्या अभावाची आहे.

तोवर वाहनधारकांनी स्वतःपुरती दक्षता घ्यावी, हे ओघानेच आले. टाकीखाली पेट्रोलचा वास येत असेल, नळी बोटाने दाबल्यावर कडक वा चिकट लागत असेल, क्लिपजवळ भेगा वा ओल दिसत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये. सावळघाट चढणाऱ्या शिक्षकाने शाळा सुरू होण्यापूर्वी, विद्यार्थ्याने सुट्टीनंतर गाडी बाहेर काढताना एवढे पाहिले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. पण नागरिकाची दक्षता हा शासनाच्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही. मनमाडने २००१ साली या मिश्रणाचा पहिला प्रयोग अंगावर घेतला. त्याच जिल्ह्याने आता त्यातील उणीव भरून काढण्याचाही पहिला प्रयोग करावा. परिवहन कार्यालय, तेल कंपन्या आणि आयटीआय यांनी एकत्र बसून तो आखण्यास पहिल्या पर्वणीपूर्वीचा काळ पुरेसा आहे, मात्र सुरुवात आज व्हावयास हवी.